शेजाऱ्याचा वाफा

भूक हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने धान्य येते. दुष्काळ पडला तर सरकार धान्य देते, धर्मादाय संस्था धान्य वाटतात, आणि देणारा व घेणारा दोघेही पोत्यांची मोजदाद करून समाधान मानतात. भाकरी मिळाली की भूक भागली, हा समज इतका खोल रुजला आहे की त्या भाकरीबरोबर कोरड्यास काय होते, हे विचारण्याचे आपणांस सुचत नाही. मिठाचा खडा आणि मिरची, फार तर पातळ डाळ, एवढ्यावर ज्यांचा महिनाच्या महिना निघतो अशी घरे आपल्या आळीत असतात. ती उपाशी नसतात म्हणून कोणत्याही यादीत येत नाहीत.

इतर देशांतील काही ख्रिस्ती मंडळ्यांनी ह्या प्रश्नाला एक साधे उत्तर शोधले आहे. प्रार्थनामंदिराभोवतीच्या मोकळ्या जागेत वाफे काढावयाचे, मंडळीतील लोकांनी ते खपून राखावयाचे आणि निघालेले माळवे शेजारच्या गरजू घरांना द्यावयाचे. ऐकताना हे बाळबोध वाटते. परंतु त्यामागे एक विचार आहे, आणि आमच्या मते येरमाळ्यासारख्या कोरडवाहू मुलखातील गावाने तो नीट समजून घेण्यासारखा आहे. देऊळ, मशीद, चर्च, शाळा ह्यांपैकी कोणाच्याही आवाराला तो सारखाच लागू पडतो.

धान्य दुरून येते, भाजी येत नाही

१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना सुकडी आठवते आणि मिलोही आठवते. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. चव कोणाला आवडली नाही, पण ती हजारो मैल समुद्र ओलांडून मराठवाड्याच्या खेड्यांपर्यंत पोहोचली आणि तिने माणसे जगवली, ही गोष्ट खरी. धान्याचा गुणच असा आहे की ते वाळते, पोत्यात भरता येते, कोठारात वर्ष काढते आणि गरज पडेल तिकडे नेता येते. म्हणूनच शासनाला त्याची व्यवस्था लावता आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क मिळाला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागले. उणिवा असतील, पण पोते गावात येते.

भाजीचे तसे नाही. सकाळी खुडलेली मेथी उन्हाळ्यात दुपारपर्यंत माना टाकते. पालक दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो. तिला कोठार नाही, शिधापत्रिका नाही, हमीभाव नाही. बाजारात आवक वाढली की तीच मेथी जुड्यांच्या ढिगाने रस्त्याकडेला टाकून शेतकरी रिकाम्या हाताने परत जातो, आणि पाऊस लांबला की तिचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर जातो. स्वस्ताईच्या दिवसांत गरिबाने ती भरून ठेवावी म्हटले तर ते शक्य नसते.

ह्यावरून एक गोष्ट ओघानेच येते. धान्याचे दान दिल्लीहून करता येईल, मुंबईहून करता येईल, परदेशातूनही करता येईल. हिरव्या भाजीचे दान मात्र पायी जाता येईल एवढ्या अंतरावरून, आणि खुडल्या दिवशीच करावे लागते. म्हणजे ते शेजाऱ्यालाच करता येते. ज्याच्या घराचा धूर आपल्याला दिसतो, तोच हे काम करू शकतो.

आणि हे काम लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ ह्या काळात, महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळला. त्याला कारणे अनेक आहेत, आणि केवळ पालेभाजी खाऊन तो बरा होतो असे कोणी सांगू नये. तथापि जेवणात हिरवा पाला, शेंगा, फळभाज्या आणि वर पिळलेले लिंबू असणे किंवा नसणे ह्याने फरक पडतो. लिंबाच्या आंबटपणातील जीवनसत्त्वामुळे पाल्यातले लोह अंगी लागण्यास मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला रोज फळे व भाज्या मिळून निदान चारशे ग्रॅम खाण्यास सांगितले आहे. आपल्या गावातील किती ताटांत एवढे पडते, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

सरवा, उंछ आणि येळवस

शेजाऱ्यासाठी शेतात काही राखून ठेवण्याची कल्पना नवीन नाही. कापणी झाल्यावर रानात पडलेली कणसे गोळा करणे ह्याला आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात. बायबलच्या मराठी भाषांतरात हाच शब्द आला आहे. लेवीय ह्या ग्रंथात शेतकऱ्याला अशी आज्ञा आहे की त्याने शेताचे कानेकोपरे कापू नयेत आणि पडलेला सरवा उचलू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा. परदेशातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात सातू वेचते ती ह्याच वहिवाटीच्या आधाराने. ह्या आज्ञेतली खुबी अशी की सरवा हा गरिबाचा हक्क ठरतो. मालकापुढे हात पसरावा लागत नाही; शेताचा कोपरा त्याचाच असतो.

आपल्या परंपरेत उंछवृत्ती आहे. शेतात आणि खळ्यावर सांडलेले दाणे वेचून राहणाऱ्या ब्राह्मणाची कथा महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात एक मुंगूस सांगतो, आणि त्या ब्राह्मणाने अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठापुढे युधिष्ठिराचा यज्ञ उणा ठरवतो.

पण धाराशिव आणि लातूर भागातील माणसाला इतके दूर जाण्याचे कारणच नाही. मार्गशीर्षातली वेळा अमावास्या, म्हणजे आपली येळवस, सर्वांच्या परिचयाची आहे. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, बाजरीची भाकरी अशी पंगत झडते. ती भज्जी म्हणजे त्या हंगामात शिवारात जे जे हिरवे आहे ते सर्व एका भांड्यात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेताचे आवतण असते, आणि त्या दिवशी त्याला कोणी परका मानीत नाही. वर्षातून एक दिवस का होईना, शिवारातल्या हिरव्या भाजीवर सगळ्या गावाचा वाटा आहे हे आपण मान्य करतो. चर्चच्या आवारातील भाजीच्या वाफ्यांत ह्याहून वेगळे काही नाही. एका दिवसाची ती चाल पुष्कळ दिवस टिकवण्याचा तो प्रयत्न आहे, एवढेच.

तीन पद्धती

जगभर ह्या कामाचे जे प्रयोग झाले त्यांत मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा जमीन वाटून देण्याची. १८९३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि डेट्रॉइट शहरात हजारो कामगार बेकार झाले. तेथील महापौर हेझन पिंग्री ह्यांनी १८९४ मध्ये शहरातील पडीक जागांच्या मालकांना विनंती करून त्या जागा बेकार कुटुंबांना बटाटे, घेवडा वगैरे लावण्यासाठी मिळवून दिल्या. नांगरट आणि बियाणे ह्यांसाठी पैसा हवा होता. महापौरांनी चर्चांकडे वर्गणी मागितली, ती अगदीच क्षुल्लक जमली. तेव्हा त्यांनी स्वतःचा उमदा घोडा लिलावात काढला. पहिल्या वर्षी सुमारे चारशे तीस एकर जमिनीवर साडेनऊशेच्या आसपास कुटुंबांनी पीक घेतले. लोक थट्टेने ह्याला बटाट्याची वावरे म्हणत, पण ती थट्टा पुढे कौतुकात बदलली आणि इतर शहरांनी हा कित्ता गिरवला. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने अशी छोटी वावरे लोकांना पुरवणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. तेथील रूढ वावर आपल्या मापाने अडीच गुंठ्यांचे असते.

दुसरी तऱ्हा एकत्र खपण्याची. ह्याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर शहरातले आहे. तेथे प्लेझंट होप बॅप्टिस्ट चर्च नावाची कृष्णवर्णीयांची एक मंडळी आहे. तिचे पाळक रेव्हरंड हीबर ब्राउन आजारी सभासदांना भेटण्यास इस्पितळात जात, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की ह्यांतील पुष्कळांचे आजार खाण्यापिण्याच्या दोषांतून उद्भवलेले आहेत. जवळच्या बाजारात ताजी भाजी होती, पण ती परवडणारी नव्हती. चर्चपुढे मात्र हिरवळीची जागा नुसती पडून होती. २०१० च्या सुमारास त्या हिरवळीचे वाफे झाले. मंडळीतील एक वृद्ध बाई शेतकरी घरात वाढलेल्या होत्या; त्यांच्या अनुभवावर हे काम उभे राहिले. जागा अवघी पंधराशे चौरस फूट, म्हणजे दीड गुंठ्याहूनही थोडी कमी, आणि तीतून वर्षाला हजार पौंडांहून अधिक माळवे निघू लागले. २०१५ च्या एप्रिलात त्या शहरात दंगल उसळली आणि दुकाने बंद झाली, तेव्हा लोक अन्नासाठी चर्चकडे वळले. एका वाफ्याने ती गरज भागणे शक्य नव्हते. म्हणून पाळकांनी कृष्णवर्णीय शेतकरी आणि चर्चे ह्यांचे जाळे विणले. अशी चर्चांची साखळी त्याच वर्षी उभी राहिली.

तिसरी तऱ्हा सर्वांत सोपी. अलास्कातील अँकरेज येथे बागकामावर लिहिणाऱ्या एका स्तंभलेखकाने वाचकांना सुचविले की तुमच्या परसात भुकेल्यासाठी एक सरी जास्त लावा. १९९५ पासून बागकामावर लिहिणाऱ्यांच्या संघटनेने हा देशव्यापी उपक्रम केला. येथे स्वतंत्र जमीन लागत नाही, समितीही लागत नाही. लागतो तो फक्त ती सरी वेळेवर खुडून एका ठिकाणी पोहोचविण्याचा नेम.

महाराष्ट्राला ह्यांपैकी दुसऱ्या तऱ्हेचे उदाहरण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, ती फळबागेच्या उत्पन्नावर आपली शाळा चालावी ह्या हेतूने. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या ह्या रानातच आसरा उभा राहिला. विहिरी खोदल्या गेल्या, मळे झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजराथेकडील मुली आल्या आणि मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ज्यांच्यासाठी मळा होता त्यांचेच हात मळ्यात होते; शेती, विणकाम, तेलघाणी, छपाई अशी कामे तेथील स्त्रिया स्वतः करीत. ती संस्था आजही केडगावला उभी आहे.

गुंठ्याचा आणि पाण्याचा हिशेब

आता चांगल्या भावनेचा हिशेब मांडून पाहू; कारण असे उपक्रम बुडतात ते बहुधा हिशेब न केल्यामुळे.

बाल्टिमोरच्या दीड गुंठ्यातून निघालेले हजार पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे किलो. पाच माणसांच्या घराला माणशी तीनशे ग्रॅम धरले तर रोज दीड किलो, म्हणजे वर्षाला साडेपाचशे किलो भाजी लागेल. तेव्हा एवढा नामांकित वाफाही एका घराची पूर्ण गरज भागवीत नाही. परंतु तीच भाजी आठवड्याला घरटी एक किलो ह्या मापाने दिली, तर आठ-नऊ घरांना वर्षभर पोहोचते. ह्यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, असा मळा गावाची भूक मिटवील अशी घोषणा कधी करू नये. दुसरी, कोणत्या आठ-नऊ घरांना द्यावयाचे हे पहिल्या दिवशीच ठरवावे.

पाण्याचे गणित त्याहून कडक आहे. धाराशिव जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एक चौरस मीटर वाफ्याला हिवाळ्यात रोज चार लिटरच्या आसपास पाणी लागते. उन्हाळ्यात तेच सात-आठ लिटरवर जाते. दीड गुंठा म्हणजे दीडशे चौरस मीटर. हिवाळ्यात त्याला रोज सहाशे लिटर पाहिजे, उन्हाळ्यात हजार ते बाराशे. ज्या दिवसांत आयाबाया हंड्यासाठी रांगेत उभ्या असतात त्या दिवसांत भाजीला एवढे पाणी घालणे कोणालाही शोभणार नाही.

मग पाणी आणावे कोठून? उत्तर डोक्यावरच आहे. शंभर चौरस मीटर छपरावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर पाणी होते. उडून, सांडून, पहिल्या पावसाची घाण धुण्यात काही गेले तरी पंचावन्न हजार लिटरच्या वर हाती राहते. रोज सहाशे लिटर ह्या दराने ते तीन महिने पुरते. म्हणजे मध्यम आकाराच्या प्रार्थनामंदिराचे किंवा शाळेचे छप्पर दीड गुंठ्याच्या वाफ्यांना दिवाळीनंतरचे तीन महिने पाणी देऊ शकते. एवढी टाकी बांधणे खर्चाचे आहे हे खरे. जेथे आवारात विहीर किंवा विंधनविहीर असेल तेथे हेच पाणी गाळून तीत सोडता येईल, मात्र सोडलेले सगळे परत मिळत नाही हे धरून चालावे. ठिबक बसविली आणि वाफ्यावर पाचटाचे आच्छादन घातले तर खर्च आणखी कमी होतो. हातपाय धुण्याचे सांडपाणी केळी आणि अळू ह्यांना लावावे ही आपल्या आजीची रीत होतीच.

जमिनीचाही विचार केला पाहिजे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी चुन्याच्या रानात जाते आणि हजारो भाविक तेथे चुनखडीचे खडे वेचतात. ह्या परिसरात चुनखडीची जमीन परकी नाही, हे त्यावरून सहज ध्यानात यावे. अशा जमिनीत लोह असूनही चुना ते मुळांना सहजी घेऊ देत नाही. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. नवखा माणूस पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी देतो आणि दुखणे वाढवतो. ह्याला उपाय म्हणजे भरपूर कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि बेताचे पाणी.

पिके निवडताना हौसेपेक्षा कामाचा विचार करावा. मेथी आणि राजगिरा महिन्याभरात हाती येतात; पालक एकदा लावला की पुन्हापुन्हा कापता येतो; वांगे दोन-अडीच महिन्यांनी सुरू होऊन पुढे बरेच दिवस चालते. कुंपणाला दोडका, वाल, दुधी. आणि बांधावर शेवगा व हादगा, कारण वाफे उन्हाने सुकले तरी शेवग्याचा पाला हिरवा असतो. अंबाडी, चाकवत, तांदुळजा, घोळ ह्या भाज्या गरिबाच्या म्हणून मागे पडल्या. त्यांना कमी पाणी लागते आणि त्यांचे बी जुन्या बायकांच्या गाडग्यांत अजून सापडते.

कोणाला द्यावे आणि कसे द्यावे

कळंब, वाशी, भूम ह्या भागांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ती पाडव्याच्या आसपास परततात. घरी राहतात म्हातारी माणसे, आणि कित्येकदा शाळा बुडू नये म्हणून त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे. त्यांना शिधापत्रिकेचे धान्य मिळते. भाजी आणायला पैसा नसतो, आणि बाजारापर्यंत जायला पाय नसतात. आता हे महिने आणि मघाचा पाण्याचा हिशेब शेजारी ठेवून पाहा. छपराचे पाणी दिवाळीपासून तीन महिने पुरते. थंडीत भाजी उत्तम येते. आणि गरज सर्वांत मोठी त्याच दिवसांत असते. उन्हाळ्यात वाफा बंद ठेवावा लागला तरी त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. बारमाही मळ्याचा हट्ट धरून पहिल्याच मे महिन्यात खचण्यापेक्षा, कार्तिकापासून माघापर्यंत चालणारा आणि दरवर्षी पुन्हा उभा राहणारा वाफा अधिक उपयोगाचा.

देण्याच्या रीतीवर ह्या कामाची अब्रू अवलंबून असते. रांग लावून, नाव पुकारून, छायाचित्र काढून दिलेली जुडी घेण्यापेक्षा पुष्कळ म्हाताऱ्या मिठाशी भाकरी खाणे पसंत करतील, आणि आम्हांला त्यांचा हा मानीपणा योग्य वाटतो. सरव्याच्या जुन्या आज्ञेतले शहाणपण येथे कामी येते. वाफ्यांपैकी काही वाफे प्रथमपासून त्या घरांचेच ठरवावेत. त्यांतील भाजी वाटप म्हणून द्यावयाची नसून ती त्यांचा वाटा आहे. ज्याला झेपेल त्याने खुरपावे. ज्याला वाकवत नाही त्या आजीने सावलीत बसून भाजी निवडावी, बी राखावे, कोणता पाला कशात शिजवावा ते पोरींना सांगावे. बाल्टिमोरचा वाफा एका वृद्धेच्या जाणतेपणावर उभा राहिला हे आपण वर पाहिले. घेणाऱ्याजवळही द्यायला काही असते हे ज्या मळ्यात दिसून येते तेथे भाजी घेताना कोणाची मान खाली जात नाही.

आणखी एका अडचणीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या देशात चर्चने काही दिले की त्यामागे धर्मांतराचा हेतू आहे काय, हा संशय येतो. रमाबाईंनाही तो चुकला नाही. १८९३ साली शारदा सदनावर असा आक्षेप आला तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे त्यांचे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण त्यातून घेण्याचा धडा स्पष्ट आहे, आणि तो चर्चप्रमाणेच देवळाला, मशिदीला आणि राजकीय पक्षालाही लागू आहे. भाजीबरोबर दुसरे काहीही देऊ नये. ना पत्रक, ना उपदेश, ना मतदानाची आठवण. घर निवडताना जात, धर्म, पक्ष पाहू नये. अंतर आणि गरज एवढेच पाहावे. माझा शेजारी कोण, ह्या प्रश्नावर येशूने सांगितलेल्या दृष्टान्तात जखमी वाटसरूला हात देणारा शोमरोनी हा परक्या पंथाचा होता, हे ख्रिस्ती मंडळींनी विसरू नये. आणि येळवशीच्या पंगतीत कोणी कोणाचे कूळ विचारीत नाही, हे इतरांनी.

आरंभ कोठून करावा

हे सारे आपल्याकडे जमेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर ह्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव भागात घरे पुन्हा उभारण्याच्या कामातून स्त्रियांचे गट तयार झाले. प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने पुढे त्यांच्याबरोबर शेतीचे काम हाती घेतले. अवर्षणाच्या वर्षांत त्या स्त्रियांनी घरच्या जमिनीतून अर्धा एकर, एक एकर स्वतःकरता मागून घेतली आणि तीत नगदी पिकाऐवजी आधी घरच्या ताटासाठी भाजी, डाळी, ज्वारी-बाजरी लावली. ह्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे विषुववृत्त पारितोषिक मिळाले. कमी पाण्यात मिश्र भाजी कशी घ्यावी हे शिकायला कोणाला परदेशी जाण्याची गरज नाही. ते जाणणाऱ्या बाया आपल्याच जिल्ह्यात आहेत. शाळांतूनही परसबागा झाल्या आहेत, आणि त्यांतील भाजी मुलांच्या मध्यान्ह भोजनात पडते.

उणीव आहे ती घरच्या परसाकडून शेजाऱ्याच्या दाराकडे जाणाऱ्या वाटेची. ती पाडण्यास प्रार्थनास्थळ किंवा शाळा सोयीची, कारण तेथे चार गोष्टी आयत्या असतात: थोडी मोकळी जागा, मोठे छप्पर, ठरल्या वारी जमणारी माणसे, आणि गावाचा विश्वास. त्यातही तिसरी गोष्ट मोलाची. भाजी कोणा एकाच्या उत्साहावर फार दिवस जगत नाही. पहिला हौशी माणूस बदलून गेला की तण माजते, दार कोणी धरायचे ह्यावरून कुरबुर होते आणि पुढच्या वर्षी तेथे वाहने उभी राहतात. जेथे दर आठवड्याला माणसे येणारच आहेत तेथे पाळी लावता येते, चुकलेल्याला विचारता येते, आणि किती निघाले व कोठे गेले ह्याची वही सर्वांसमोर वाचता येते.

ज्यांना एवढेही शक्य नाही त्यांच्यासाठी तिसरी तऱ्हा मोकळी आहे. परसात चार वाफे असतील तर पाचवा शेजाऱ्याचा म्हणून काढावा. परस नसेल तर बादलीत एक पालक लावावा. फक्त तो कोणाचा हे पेरतानाच ठरवावे. उरले तर देऊ, असे म्हणून लावलेल्या भाजीतले सहसा काही उरत नाही. आधीपासून दुसऱ्याच्या नावाचा असलेला वाफा मात्र खुडला जातो, आणि खुडल्या दिवशीच पोहोचवावा लागतो. भाजीचा नाशिवंतपणा हा तिचा दोष समजला जातो. शेजारधर्माच्या कामी तोच तिचा गुण ठरतो, कारण ती उद्यावर टाकता येत नाही.